गोपनीय काका

आमच्या कॉलनीत गोपनीय काकांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि काकांची मुख्य तक्रार तीच आहे. नाव, गाव, हुद्दा, रक्तगट यांतलं काहीही चारचौघांना कळण्याचं कारण नाही, असं त्यांचं ठाम मत. दारावर पाटी आहे, पण तिच्यावर नुसता घराचा नंबर. तोही मधुमालतीचा वेल बाजूला सारल्याशिवाय वाचता येत नाही. त्यांचं खरं नाव बँकेला, पोस्टमनला आणि काकूंना ठाऊक आहे. बँक सांगत नाही, पोस्टमन बदलत असतो आणि काकू नाव घेत नाहीत.

गोपनीय हे नाव कॉलनीनं ठेवलं. ते त्यांना कळलं आहे की नाही, हे आम्हांला अजून कळलेलं नाही.

जन्म तात्यापाऱ्यातला. म्हणजे भोसल्यांच्या मागोमाग नागपूरकडून रायपुरात येऊन राहिलेल्या मराठी घरांच्या जुन्या वस्तीतला. पणजोबा काय करायचे असं विचारलं तर उत्तर येतं, "सरकारी होते." कोणतं सरकार, भोसल्यांचं की इंग्रजांचं, ते अजूनपर्यंत बाहेर फुटलेलं नाही. काका स्वतः वीज मंडळात इंजिनियर होते. मंडळच म्हणायचं, कंपनी म्हटलेलं खपत नाही. २००० साली १ नोव्हेंबरला छत्तीसगड झालं, जबलपूरच्या मंडळातून रायपूरचं मंडळ वेगळं निघालं, आणि १ जानेवारी २००९ला त्या मंडळाच्या पाच कंपन्या झाल्या. हा शेवटचा बदल काकांनी अद्याप मंजूर केलेला नाही.

नोकरीतली बरीच वर्षं डंगनियाच्या राज्य भार प्रेषण केंद्रात गेली. त्यांच्या भाषेत लोड डिस्पॅच. कोरब्याकडून किती वीज येते आहे, ती कोणत्या लाईनवरून जाते आहे, कुठला संच बंद पडला, कोणाचा भार कमी करायचा, हे चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बघणारी खोली. ही माहिती मी पुस्तकात वाचली. काकांशी झालेलं बोलणं असं होतं:

"काका, तुम्ही तिथे नक्की काय करायचात?"

"ड्यूटी."

"म्हणजे काय?"

"शिफ्ट असायची."

आता अशा माणसाकडून कोणाला काही कळत नसेल असं वाटेल. गंमत अशी की रायपुरात वीजपुरवठ्याची सर्वांत अचूक बातमी आम्हांलाच मिळते, आणि ती काकांच्या न बोलण्यातून मिळते. नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, चालू असतो, डांबर पायाला चिकटत असतं, दुपारी दोनला लाईट जाते. शेजारच्या कॉलनीतले लोक टोल फ्री नंबर फिरवत बसतात. आमच्याकडचे लोक काकांच्या फाटकापाशी जमतात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सगळ्यांच्या वतीनं विचारतो, "लाइन कब आही, साहब?"

काका आधी घड्याळ बघतात. मग तारांकडे बघतात. मग दुसऱ्या गल्लीच्या टोकाकडे, जिथे ट्रान्सफॉर्मर आहे, तिकडे बघून न बघितल्यासारखं करतात. मग म्हणतात, "यावर मी काही बोलणार नाही."

याचा अर्थ अर्धा तास. वर्षानुवर्षांच्या अनुभवानं कॉलनीनं हे कोष्टक बसवलं आहे. "बघू या" म्हणाले तर दहा मिनिटं. गॅसवर चहा ठेवायला हरकत नाही. "वरून आहे" म्हणाले तर मोठ्या लाईनवर काहीतरी झालंय, दोन तास धरून चाला. आणि काही न बोलता आत जाऊन हातपंखा आणि स्टूल घेऊन बाहेर आले, तर ट्रान्सफॉर्मर गेला. मुलांना आजोळी पाठवा. त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. आपण अंदाज सांगतो आहोत हे त्यांना ठाऊक नाही, आणि सांगायची आमची हिंमत नाही. सांगितलं तर ते चेहराही झाकतील.

५ एप्रिल २०२४ला गुढियारीत वीज वितरण कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत ट्रान्सफॉर्मर ठेवलेले, त्यांत तेल. काळा धूर असा चढला की शहराच्या दुसऱ्या टोकालाही मान वर करून बघावं लागलं. आम्ही सगळे गच्चीवर. काकाही त्यांच्या गच्चीवर, पाठीमागे हात बांधून.

"काका, गुढियारीच ना?"

"कशावरून?"

"धूर दिसतोय की."

"मग धूर दिसतोय एवढंच म्हण. कुठून येतोय ते तू कशाला ठरवतोस?"

तोवर प्रत्येक चॅनलवर आगीचं थेट चित्रण सुरू झालं होतं. काकांनी खाली येऊन आधी दिवाणखान्याचे पडदे ओढले. आपल्या घरातून कोणी ही बातमी बघू नये म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रान्सफॉर्मरचं गोदाम जळणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी फक्त त्यांनाच नीट कळत होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. अर्थात, हे काकूंकडून कळलं.

काकू हा या यंत्रणेतला उघडा दरवाजा. काकांना बी-१२चं इंजेक्शन चालू आहे, त्यांचा पायजमा इलॅस्टिकचा आहे, अमुक भाच्याशी त्यांचं २००७पासून बोलणं नाही, हे सगळं किराणा दुकानात तांदूळ मोजून होईपर्यंत आपल्याला कळतं. काका रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट पाकिटात घालून त्यावर लाल शाईनं 'गोपनीय' लिहितात. काकू त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहून ते फ्रिजवर चिकटवतात.

काकांचं हे वेड नुसतं स्वभावाचं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याला कायद्याचा भक्कम पाया आहे, आणि तो पाया ते कोणालाही समजावून देतात, कारण कायदे छापील असतात. त्यात फोडण्यासारखं काही नसतं. पहिला मान १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याचा. हा कायदा इंग्रजांनी केला, इंग्रज गेले, कायदा राहिला. त्याबद्दल काकांना इंग्रजांविषयी थोडा जिव्हाळा आहे. मग माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७०. सरकारनं एखादी संगणक-यंत्रणा 'संरक्षित' म्हणून जाहीर केली की तिच्यात परवानगीशिवाय डोकावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. "दहा!" काका बोटं दाखवून सांगतात, आणि आपण जणू नुकतंच डोकावलो आहोत अशा नजरेनं बघतात. २०१४ साली अशा यंत्रणांवर लक्ष ठेवणारं राष्ट्रीय केंद्र निघालं. ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेचे मार्गदर्शक नियम काढले. वीज चालवणारी यंत्रणा इंटरनेटपासून तोडून ठेवा, कुठली यंत्रं खरोखर नाजूक आहेत त्यांची यादी करा, माहितीच्या सुरक्षेसाठी वेगळा जबाबदार अधिकारी नेमा, उपकरणं भरवशाच्या ठिकाणाहूनच घ्या, लोकांना शिकवा. काकांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचले. लग्नानंतर इतकी तृप्ती त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसली, असं काकू म्हणतात.

पण पुढच्याच वर्षी विघ्न आलं. २८ एप्रिल २०२२ला दिल्लीहून नवा आदेश निघाला, सगळ्याच संस्थांना लागू: सायबर घातपाताचा प्रकार लक्षात आला की सहा तासांच्या आत कळवा. काकांना ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. लपवा, हे त्यांना जन्मतः समजत होतं. सहा तासांत सांगा? आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला होता, तेव्हा काका सोसायटीचे सचिव होते आणि टाकी रिकामी झाल्यावर आम्हांला ते कळलं होतं.

"सांगायचं म्हणजे कोणालाही नाही," ते मला समजावून सांगू लागले, खरं तर स्वतःलाच. "ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं. पण त्याला मात्र लगेच." एवढं बोलून बराच वेळ गप्प बसले. एका माणसाचा सबंध जीवनक्रम सहा तासांत बदला असं म्हणायचं, म्हणजे थोडं जास्तच झालं.

नियमांतली शिकवण काका घरीही पाळतात. २३ डिसेंबर २०१५ला युक्रेनमधल्या वीज कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये घुसखोरी झाली. तिथले ऑपरेटर खुर्चीत बसलेले आणि पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप फिरून एकामागून एक ब्रेकर उघडतो आहे, असा प्रकार. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. हे वाचल्यापासून काका रोज रात्री आपल्या कॉम्प्युटरचा माऊस काढून गोदरेजच्या कपाटात ठेवतात आणि किल्ली उशाखाली घेतात. पेन ड्राइव्हवर तर संपूर्ण बंदी. मुलीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरनं पेन ड्राइव्हमध्ये दिले होते. तो पेन ड्राइव्ह लिफाफ्यात, लिफाफा लाखेनं बंद. मुलीला आता दोन मुलं आहेत. काकूंनी लग्नाचा अल्बम अजून पाहिलेला नाही.

लग्नाचंच निघालं म्हणून सांगतो. मुलीचं ठरल्याचं आम्हांला मांडव पडला तेव्हा कळलं. पत्रिकेवर वधूवरांची नावं होती, तारीख होती, मुहूर्त होता. कार्यालयाच्या जागी 'योग्य वेळी कळविण्यात येईल' असं होतं. मुलाकडच्या मंडळींना आदल्या संध्याकाळी कळवलं. भिलाईहून आलेली अर्धी वरात चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या दारात जाऊन उभी राहिली, कारण रायपुरात मराठी लग्न आहे म्हटल्यावर त्यांच्या मनात तेच आलं.

या माणसाच्या आयुष्यात एक दिवस सोन्याचा होता, आणि त्याचीही कथा आम्ही काकांच्या तोंडून ऐकलेली नाही. २०१२च्या जुलैचा शेवट. ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमाराला उत्तरेचा ग्रिड बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही बसले. साठ कोटींहून जास्त लोक अंधारात, रेल्वेगाड्या जागच्या जागी. दोन्ही वेळा सुरुवात बिना–ग्वाल्हेर लाईन सुटण्यापासून झाली. पश्चिमेचा ग्रिड मात्र तुटून वेगळा झाला आणि टिकला. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, आणि त्यातच आपलं छत्तीसगड. रायपुरात त्या दुपारी पंखे फिरत होते, आणि काका शिफ्टवर होते.

"काका, त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये काय वातावरण होतं हो?"

"ए.सी. होता."

याबाबतीत काकांना कोणी हरवू शकेल असं वाटलं नव्हतं, पण समोरच्या बिल्डिंगमधला, एनआयटीत शिकणारा एक मुलगा निघाला. त्या घटनेच्या चौकशी समितीचा अहवाल सरकारनं त्याच ऑगस्टमध्ये जाहीर केला होता. लाईनी, वेळा, फ्रिक्वेन्सी, कोण कुठे चुकलं, सगळं सविस्तर. मुलानं तो छापून, बाइंडिंग करून काकांना वाढदिवसाला भेट दिला. (वाढदिवस काकूंनी सांगितला होता.) काकांनी पानं चाळली. एका आलेखापाशी थांबले, चष्मा सारखा केला, बोटानं रेघ चढत गेली तिथपर्यंत गेले. चेहरा उजळला. मग खिशातून लाल पेन काढून पहिल्या पानावर 'गोपनीय' लिहिलं, सही केली आणि अहवाल कपाटात ठेवला. माऊसच्या शेजारी.

असंच एकदा त्या मुलानं मोबाईलवर देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी दाखवली. ४९.९ की ५०.०२, असा काहीतरी आकडा दर काही सेकंदांनी हलत होता. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर लाईननं दक्षिणही जोडली गेली, तेव्हापासून सगळ्या देशाचा ठोका एकच. कन्याकुमारीत तोच आकडा आणि आमच्या गल्लीतही तोच. काका तो आकडा वर्षानुवर्षं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बघत आले होते.

"हे कोणी दिलं तुला?"

"प्ले स्टोअर."

काकांना धक्का बसला होता. ज्या आकड्यासाठी ते दारात ओळखपत्र दाखवून, बूट काढून, रात्रपाळी करून आत जात होते, तो आकडा पोराच्या मोबाईलवर क्रिकेटच्या स्कोअरच्या शेजारी बसला होता. फ्रिक्वेन्सी, मागणी, उत्पादन, रोजचा अहवाल, हे सगळं हल्ली सरकारच उघड्यावर ठेवतं, आणि ते योग्यही आहे. विजेचा बाजार, तिचे दर, हिशेब, सगळं त्यावर चालतं. मुलानं हे सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण जास्त वेळ बघू नकोस."

त्या संध्याकाळी मात्र ते कधी नव्हे ते बोलले. आम्ही दोघंच होतो, फाटकाला आतून कडी होती, आणि इस्त्रीवाला गेला होता.

मी म्हटलं, "काका, खरं सांगा, यात लपवण्यासारखं उरलंय काय? कुम्हारीकडे जाताना हायवेवरून सगळे टॉवर दिसतात. नकाशात दिसतात."

"टॉवर कशाला लपवायचा?" काका म्हणाले. "म्हैस त्याला पाठ घासते. टॉवर लपवा असं कोण म्हणतंय?" मग आवाज खाली आला. "दहा लाईनी आहेत समज. दहाच्या दहा दिसतात. त्यांतल्या कुठल्या दोन एका वेळी गेल्या तर तिसरी किती मिनिटं तग धरेल, ते फक्त आम्हांला ठाऊक. रिले किती वर सेट आहे, कुठल्या कॉम्प्युटरवरून कुठला ब्रेकर हलतो, ते. बाकी सगळं ओरडून सांग."

एवढं सांगून ते दचकले. "मी काही बोललो नाही. तू काही ऐकलं नाहीस."

आणि खरोखर, मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. कुठल्या दोन लाईनी ते त्यांनी सांगितलं नाही, आजतागायत नाही. जे कळण्यासारखं आहे ते सगळं न बोलून सांगणारा हा माणूस जे कळू नये ते बोलूनही सांगत नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी त्यांच्या पायजम्याच्या विषयावर हसताना जरा जपून हसतो.

त्यांचा एक भाचा अमेरिकेत, सॅन होजेला असतो. (२००७वाला नव्हे.) त्यानं एकदा फोनवर सांगितलं की मामा, तुमच्यासारख्यांसाठी इथे स्वतंत्र नियमच आहेत. २००१च्या ११ सप्टेंबरनंतर तिथल्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगानं वीजयंत्रणेचे बारकावे सांगणारी कागदपत्रं जाहीर दप्तरातून काढून घेतली आणि २००३ साली त्यांच्यासाठी वेगळा वर्गच केला. ती हवी असली तर नाव, पत्ता, कारण द्यायचं, कोणाला दाखवणार नाही असं लिहून द्यायचं, मग मिळणार. त्यातही नियम सांगतो की एखादी गोष्ट साधारण कुठे आहे, एवढीच माहिती असेल तर ती या वर्गात येत नाही. म्हणजे पुन्हा म्हैस आणि टॉवरच. काका इतके खूष झाले की त्यांनी भाच्याचं बोलणं मध्येच तोडलं नाही. मग भाच्यानं भरीला भर म्हणून सांगितलं की २०१३च्या एप्रिलमध्ये त्याच्याच शहराजवळच्या मेटकाफ सबस्टेशनवर रात्री कोणीतरी आधी टेलिफोनच्या केबल कापल्या आणि मग गोळ्या झाडून सतरा ट्रान्सफॉर्मर निकामी केले. वीज दुसरीकडून फिरवली म्हणून शहर अंधारात गेलं नाही.

काका सावध झाले. "तुझ्या घरातून सबस्टेशन दिसतं का रे?"

"हो मामा, म्हणजे किचनच्या..."

"नको! फोनवर नको."

आणि ठेवला. भाच्याचं किचन कुठल्या दिशेला आहे, हे त्यानंतर काकूंनी व्हिडिओ कॉलवर बघून सगळ्या कॉलनीला सांगितलं.

१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, तेव्हाही काकांची परीक्षाच झाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राचे गृहमंत्री सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालावरून म्हणाले की घातपाताची शक्यता दिसते. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले की तो मानवी चुकीचा प्रकार होता. ठाण्याच्या बहिणीनं फोन करून विचारलं, "दादा, यातलं खरं काय?" काका म्हणाले, "दोघांनीही बोलायला नको होतं."

आणि ५ एप्रिल २०२०, करोनाचे दिवस. पंतप्रधानांनी ३ तारखेला सकाळी सगळ्या देशाला सांगितलं होतं की रविवारी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवा. देशात न ऐकलेला माणूस नव्हता. काका त्या दुपारी डबा घेऊन निघाले. काकूंनी विचारलं, "अहो, रविवारी? कुठे?" काका म्हणाले, "रात्री एक काम आहे." फाटकापाशी थांबून मला हळूच म्हणाले, "पंखा, फ्रिज चालू ठेव. कारण विचारू नकोस." हे ऊर्जा मंत्रालयानं पत्रक काढून आदल्याच दिवशी सांगितलं होतं, मी तरी मान डोलावली. त्या रात्री मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटनं उतरेल असा अंदाज होता, उतरली ३१ हजारांच्या वर. जलविद्युत केंद्रांनी झरझर उत्पादन खाली आणलं आणि तेवढ्याच झरझर पुन्हा वर नेलं, आणि ग्रिड उभा राहिला. आम्ही गच्चीवर पणत्या लावून थाळ्या वाजवत होतो. थाळ्या मागच्या वेळच्या होत्या, पण कोणीतरी सुरू केल्या. काका पहाटे परत आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही झालं नाही." त्या खोलीतल्या माणसाला याहून मोठी फुशारकी मारता येत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

आता एवढ्या गुणांचा माणूस कॉलनीच्या गणपतीत विजेच्या रोषणाईला नेमायचा नाही, तर कोणाला नेमायचा? नेमला. काकांनी मांडवातलं वायरिंग इतकं नेटकं केलं की बघत राहावं. प्रत्येक सर्किटला वेगळा एमसीबी, आणि त्यावर चिठ्ठ्या: 'आर-३', 'बी-१', 'वाय-२'. कोणती चिठ्ठी कशाची, त्याची यादी एका वहीत. वही काकांच्या कपाटात. बोर्डाच्या पेटीला कुलूप. चौथ्या दिवशी काका दुर्गला बारशाला गेले, आणि आरतीच्या ऐन मध्यावर गणपती अंधारात गेला. 'सुखकर्ता' आम्ही पाठ म्हणून पूर्ण केली, पण पुढे 'लवथवती'ला लय सुटली. काकांना फोन लावला. मागे पाहुण्यांचा गलका.

"काका, कुठला पडलाय आणि कुठला उचलायचा?"

"फोनवर कसं सांगू?"

"काका, बाप्पा अंधारात आहे!"

बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "काकूंना दे." काकूंनी फोन कानाला लावला, "हं, हं" केलं, घरी गेल्या, गव्हाच्या डब्यातून दुसरी किल्ली काढली, पेटी उघडून सरळ 'बी-१' वर केला. वही उघडावीही लागली नाही. गव्हाच्या डब्यात दुसरी किल्ली आहे हे आता सगळ्या कॉलनीला माहीत आहे, आणि ती आता तिथे नाही.

मागे देशभर एक मेसेज फिरत होता: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला आपली वीज कापण्यात येईल, ताबडतोब खालच्या नंबरवर बोला. कित्येकांनी भीतीनं फोन केला आणि खातं रिकामं करून घेतलं. तो मेसेज काकूंना आला. काकूंनी सवयीनं लगेच फोन लावला आणि पलीकडून "हां, नमस्ते मॅडम" असा गोड आवाज आला, एवढ्यात काकांनी फोन हातातून घेतला आणि चुकून स्पीकरचं बटण दाबलं गेलं. मी तेव्हा तिथे मटार सोलत होतो, म्हणून हे सांगू शकतो.

"सर, आपका शुभ नाम?"

"किसलिए?"

"कनेक्शन किसके नाम पर है, सर?"

"जिसके नाम पर है, उसी के नाम पर है."

"अच्छा सर, बिल का बीपी नंबर बता दीजिए."

"आपके पास नहीं है?"

"है सर, बस कन्फर्म करना है."

"तो आप बोलिए. मैं सुन के हाँ भी नहीं बोलूँगा, ना भी नहीं बोलूँगा."

पलीकडे थोडी खुसरफुसर. मग काकांनी चौकशी आपल्या हातात घेतली. कुठल्या झोनमधून बोलता? जेई कोण? फीडर कोणता? रात्री साडेनऊला लाईन कापायची तर परमिट कोणाच्या सहीचं? खांबावर चढणार कोण, आणि त्याच्याकडे हातमोजे आहेत का? आवाज अगदी शांत, शिफ्टवरचा. मी सगळे मटार सोलून संपवले, काकूंनी फोडणी दिली, तरी ते चालूच होतं. समोरच्याचा गोडवा हळूहळू ओसरत गेला आणि शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अंकल, आपको बिजली चाहिए कि नहीं चाहिए?"

"इस पर," काका म्हणाले, "मैं कुछ नहीं बोलूँगा."

फोन पलीकडून कट झाला. काकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत इस्त्रीवालाही ते संभाषण दोन्ही आवाजांत म्हणून दाखवत होता. काकांनी चौकशी लावली आहे. मी मटार सोलायला होतो, पण माझी बाजू आधीच लेखी देऊन झाली आहे. घरात तिसरं कोणी राहत नाही. तरीही चौकशी निःपक्षपाती होईल आणि निष्कर्ष योग्य वेळी कळवण्यात येतील, असं समजतं. कोणाकडून समजतं, त्यावर मी काही बोलणार नाही.